अंगावरचा पैरा

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर १९९८

प्रिय अत्ती,
तुला वाकून शरणार्थी.

दिवाळीला येऊन गेले आणि तेव्हापासून तुमचं गाव डोक्यातनं जाईना झालंय. गाव म्हणजे देऊळ-बिऊळ नव्हे, डेअरीपुढचा तो रस्ता. सकाळ-संध्याकाळ तुम्ही सगळ्या बायका किटल्या घेऊन धुरळ्यात उभ्या. मागनं ट्रॅक्टर आला की एकीनं दुसरीला ओढून घ्यायचं. आणि तरी काय हसता गं! लालबी मावशीनं चेअरमन गणपतरावांच्या चालण्याची नक्कल केली तेव्हा माझ्या हातातनं किटली सुटायची तेवढी राहिली.

आता कामाचं. माझं आर्किटेक्चरचं हे शेवटचं वर्ष. यंदा प्रत्येकानं एका इमारतीचा पूर्ण विचार करून परीक्षकांपुढे मांडायचा असतो. आमच्या वर्गात कोण विमानतळ करतंय, कोण मोठ्ठं हॉटेल. मला हिरेवाडीच्या डेअरीपुढं बायकांसाठी निवारा करायचाय. नुसता कागदावर नाही, खराखुरा बांधायचा. गावच्याच मातीच्या भिंती, वर जुनी कौलं, सिमेंट जवळजवळ नाहीच. उन्हाळ्यात गारेगार. सर म्हणाले, "बांधून दाखवलंस तर मानलं. पण जूनच्या आत वर छप्पर चढलं पाहिजे. नाहीतर पावसात भिंती पण विरघळतील आणि तुझे मार्क पण."

अप्पा, तुझे बंधुराज, शिरोलीहून, फौंड्रीतनं दमून आले होते. ऐकून म्हणाले, "लोकं मातीतनं स्लॅबात गेली आणि माझी पोरगी पाच वर्षं शिकून परत मातीत निघाली." आई हसली. मला नाही हसू आलं.

तू काय म्हणतेस ते लिही. फोन करू नको, तू एवढी ओरडतेस की एसटीडी बूथवाल्याला घरचं सगळं कळतं. आणि इथं पुण्या-मुंबईच्या मुली मी 'जातो-येतो' म्हटलं की खिदळतात, म्हणून मी 'जाते-येते' करायला लागलेय. तुझ्या पत्रात 'जातो-येतो' वाचलं की घरात आल्यासारखं वाटतं.

तुझी,
शांभवी


हिरेवाडी,
२१ नोव्हेंबर १९९८

चि. शांभवीस अत्तीचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. लालबीला वाचून दाखवलं. नकलेचं ऐकून ती म्हणती, ही पोरगी मला गावातनं हाकलून लावणार बघ.

तुझा निवारा झाक हाय. पण मातीचा म्हटल्यावर मला तुझा रागच आला. अगं बाई, माती म्हटली की सारवण आलं. ते करायचं कुणी? गणपतराव करणार हाय? शेण कालवा, पोतेरं घ्या, वाका. सारवून सारवून माझं गुडघं गेल्यात. घरचं सारवण सुटावं म्हणून जिवाचं रान करून फरशी घातली, आणि तू आम्हाला डेअरीत नवं सारवण लावून देतीस व्हय? तुझ्या सरास्नी म्हणावं, एक दिस येऊन सारवून बघा, मग माती गार लागती का गरम ती सांगा.

रागावू नको. तुझ्यावर न्हाय तर कुणावर रागवायचं मी?

आणि एक सांगतो. नुसतं उभं ऱ्हायाचं काय दुखत न्हाय. सांजचं रानातनं येताना डोक्यावर वैरणीचा भारा असतो, तसंच डेअरीत येतो आम्ही. भारा उतरायला एकीचा हात लागतो, परत चढवायला दोघींचा. कुणी नसलं की भारा डोक्यावर घेऊनच वाकून दूध घालायचं. मान मोडती. त्याचं काय करता येतंय का बघ. एवढी शिकलीस, कायतरी सुचंल की.

कल्लव्वा म्हस व्याली, रेडी झाली. खरवस तुझ्या नशिबात न्हाय.

तुझी अत्ती,
नीलम्मा


कोल्हापूर,
९ डिसेंबर १९९८

प्रिय अत्ती,

तुझं पत्र सरांना वाचून दाखवलं. "एक दिस येऊन सारवून बघा" म्हटल्यावर चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "नकाशा पुन्हा काढ."

काढला. आता खाली कमरेपर्यंत दगड. भुईला घोटून घोटून केलेला कोबा, म्हणजे झाडलं की झालं. माती फक्त वरच्या भिंतीत, आणि छप्पर एवढं पुढं आणलंय की पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील. सारवण बंद! कोब्यात घालायला शिरोलीची काळी वाळू मिळणार आहे. साच्यातली जळकी वाळू फौंड्रीवाले रस्त्याकडेला ओतून देतात, कुणाच्या कामाची नाही म्हणून. अप्पा आधी म्हणाले, "आता कचऱ्यात हात घातलास." दोन दिवसांनी स्वतःच एक ट्रॉली सांगून आले. वर मला दम, "नीलम्माला सांगू नको मी मदत केली म्हणून." तर सांगितलं नाही असं समज.

आणि भाऱ्याचं! अत्ती, मला झोप नव्हती. बाहेरच्या भिंतीला डोक्याच्या उंचीचा एक दगडी कट्टा. पाठ भिंतीला लावायची, भारा मागं सरकवायचा, मोकळ्या मानेनं दूध घालायचं, गप्पा मारायच्या, मग परत भाऱ्याखाली डोकं घालून चालू लागायचं. कुणाचा हात नको. आईच्या डोक्यावर उशी ठेवून तिला कपाटापाशी मागंपुढं करायला लावलं. ती म्हणते, तुझ्या लग्नाचं बघायला पाहिजे.

तुम्हा सगळ्यांची उंची पाहिजे. दोरी घेऊन एकेकीला उभं कर, गाठ मार, पाठव.

आता रडगाणं. डेअरीनं जागा दिली, शाळेची उतरवलेली कौलं दिली. दगड-माती गावातच आहे. पण काम करणार कोण? गवंडी एक मिळेल, मजूर कुठनं आणू? इथंच सगळं अडलंय.

शांभवी


हिरेवाडी,
२४ डिसेंबर १९९८

चि. शांभवीस आशीर्वाद.

दोऱ्या पाठवल्यात. बनाबाईची लांब, लालबीची नि माझी सारखी. आखूड हाय ती धोंडुबाईची. तिनं तीनदा मोजायला लावली. म्हणती, दोरी आटली.

कट्ट्याचं ऐकून बनाबाई तशीच उठली, आत गेली, गुळाचा खडा आणून माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "ही तुझ्या भाचीला दे." मी खाल्ला. तुला कोण पाठवत बसणार?

मजुराची काळजी करू नको. बाया पैऱ्यानं येत्यात. मी दारोदार जाऊन शब्द टाकलाय, माझ्या भाचीचं काम हाय म्हणून. पैरा म्हटल्यावर कुणी न्हाय म्हणत न्हाय. दिसभर रानात, सकाळचं दोन तास तुझ्या मातीत. तू ऐतवारी ये आणि कुठं काय ठेवायचं ती सांग. बाकी आम्ही बघतो.

तुझ्या अप्पानं, शंकरप्पानं, वाळू सांगितली ती मला म्हाईत न्हाय.

अत्ती


कोल्हापूर,
२३ फेब्रुवारी १९९९

प्रिय अत्ती,

भिंती उभ्या राहिल्या! परवा रविवारी निघताना एसटीच्या खिडकीतनं मान मोडेपर्यंत बघत होते. बनाबाई मावशी मातीचा गोळा हातात घेऊन नुसत्या वासावरनं "पाणी जास्त झालं" म्हणायची, लालबी मावशी कोबा घोटताना माझ्या वर्गमित्रांच्या नकला करायची, आणि तू सगळ्यांवर ओरडायचीस. माझं पाच वर्षांचं शिक्षण एकीकडं आणि हे दोन महिने एकीकडं.

आनंदाची बातमी. इथल्या पेपरात आलंय, फोटोसकट! 'विद्यार्थिनीच्या हाकेला महिलांचे श्रमदान.' कॉलेजात माझी कॉलर ताठ. थीसिसमध्येसुद्धा मी लिहिलंय, मजुरीचा खर्च शून्य, सर्व काम ग्रामस्थ महिलांच्या श्रमदानातून. सर खूश आहेत. कात्रण पाठवतेय, डेअरीत लाव, सगळ्यांना वाचून दाखव.

आता फक्त छप्पर. सुताराचं लाकूडकाम झालंय, तुम्ही हातोहात कौलं वर दिली की आठवड्यात चढेल. मेच्या शेवटी परीक्षक बसतील. मार्चमध्ये उरकू या ना?

तुझी लाडकी (हो, मीच म्हणणार),
शांभवी


हिरेवाडी,
२० मार्च १९९९

चि. शांभवीस.

पत्र मिळालं. कात्रण मिळालं. डेअरीत लावलं न्हाय.

छपराचं लगीच जमणार न्हाय. बायांना सवड न्हाय. मीबी धोंडुबाईच्या रानात तण भांगलायला जातो, ती झालं की बनाबाईची धसकटं वेचायची हायत. हात दुखतोय, जास्त लिवत न्हाय.

अभ्यास कर. जेवत जा.

अत्ती


कोल्हापूर,
८ एप्रिल १९९९

प्रिय अत्ती,

एवढं छोटं पत्र तू आयुष्यात लिहिलं नसशील. काय झालंय? गेल्या रविवारी आले तर जागेवर चिटपाखरू नाही. धोंडुबाई रस्त्यात भेटली, "बरी हाईस का पोरी" म्हणाली आणि पुढं गेली. लालबी मावशीनं एकही नक्कल केली नाही. तू रानात होतीस म्हणे, रविवारी सुद्धा.

माझं काही चुकलं का? पेपरात फोटोखाली माझं एकटीचंच नाव आलं, त्याचा राग आहे का? मी दगडावर सगळ्यांची नावं कोरून घेते. का गणपतराव मध्ये काही बोलले? की तुला पैशाची अडचण आहे म्हणून दुसऱ्याच्या रानात जातेस? अप्पांना सांगू का?

हे बघ, बायकांना वेळ नसेल तर मी वर्गातली दहा मुलं आणते, कौलं चढवून टाकतो. नाहीतर अप्पा मजूर लावून देतील. पण मला सांग तरी. छपरावाचून भिंती गेल्या तर माझं वर्ष जाईल, ते एक वेळ जाऊ दे. पण तुम्ही परत त्या धुरळ्यात उभ्या राहणार, ते मला नाही बघवायचं.

शांभवी


हिरेवाडी,
१५ एप्रिल १९९९

शांभवी बेटीस लालबीचा सलाम.

ही मी लिवतोय ती तुझ्या अत्तीला ठावं न्हाय. तुझं पत्र तिनं माझ्यापुढं वाचलं आणि पदरानं डोळं पुसलं. तुला काय सांगणार न्हाय ती. म्हणून मी सांगतो.

पोरी, आम्ही दान केलं न्हाय गं. दान देवाला करत्यात, न्हायतर दारात आलेल्या गोसाव्याला. तू काय गोसावी हाईस? आम्ही पैरा केला. आज मी तुझ्या कामाला, उद्या तू माझ्या कामाला. कुणी पैसं घेत न्हाय, पण कुणी फुकटबी करत न्हाय. आम्ही तुझ्या मातीत आलो म्हंजे तू आमच्या रानात येणार. एवढं साधं हाय. आणि पैरा तोंडानं मागायचा नसतो, ज्याचं त्यानं समजून यायचं असतं.

तू आली न्हाईस. बाया म्हणाल्या, लहान हाय, परीक्षा हाय, यील. मग पेपर आला. दान केलं म्हणून छापून आलं. बनाबाई म्हणाली, म्हंजे आता ही येणारच न्हाय, दान कोण परत करतंय.

शब्द नीलम्मानं टाकल्याला. म्हणून ती एकटी फेडाय लागली. रोज एकीच्या रानात. गुडघं सुजून टम्म झाल्यात. बाया नको नको म्हणत्यात, पण ती ऐकत न्हाय. "माझ्या भाचीचा हाय," म्हणती. सगळ्यांचा फिटल्यावरच छपराला हात लावा म्हणून सांगणार, असं तिच्या मनात हाय. बाया कौलाला येईनात ती रागानं न्हाय. नीलम्मावर आणखी वझं कशाला चढवायचं म्हणून येईनात.

तू मजूर लावू नको. लावलास तर तुझी अत्ती गावात मान वर करून चालणार न्हाय.

वाचून झालं की फाडून टाक.

लालबी


कोल्हापूर,
१९ एप्रिल १९९९

अत्ती,

कुणी काही सांगितलेलं नाही. माझं मलाच कळलं.

शुक्रवारी पहिल्या एसटीनं येतेय. चांगली राहायला येतेय. सरांना सांगितलंय, नकाशे तिथंच पुरे करीन. तू एकाही रानात जायचं नाहीस. खाटेवर बसायचं, गुडघ्याला शेक द्यायचा आणि माझ्यावर ओरडायचं. ऐकलं नाहीस तर मी अप्पांना फोन लावून वाळूचं तुला माहीत आहे हे सांगेन.

मला एक जुनं लुगडं आणि खुरपं काढून ठेव.

मूर्ख,
शांभवी


कोल्हापूर,
३० मे १९९९

प्रिय अत्ती,

झालं! परवा परीक्षा झाली.

पुण्याहून एक परीक्षक बाई आल्या होत्या, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. मॉडेल बघितलं, छपरावर चढून शेवटचं कौल बसवणाऱ्या बनाबाई मावशीचा फोटो बघितला. मग थीसिस चाळत म्हणाल्या, "मजुरीच्या खर्चापुढं शून्य लिहून खोडलंय. मग किती?" मी म्हटलं, "मॅडम, पैशात येत नाही. हे पैऱ्यानं झालंय आणि तो मी अजून फेडतेय." म्हणाल्या, समजलं नाही. मी दोन्ही तळहात पुढं केले. खुरप्याचे फोड अजून वाळले नव्हते. मग सगळं सांगितलं. भुईमूग भांगलताना तण ठेवून भुईमूगच उपटला तेही सांगितलं. तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या. सर तर मागं तोंड करून हसत होते. बनाबाई मावशी म्हणाली होती, "शिकल्याली पोर हाय, मुळापासनं काम करती," ते मात्र सांगितलं नाही.

पास झाले, अत्ती. चांगल्या मार्कांनी. अप्पांनी पेढे वाटले आणि फौंड्रीत सांगत फिरतायत, "वाळू आमच्याकडची."

लाज वाटत होती गं तेव्हा. पहिल्या दिवशी रानात उतरले. धोंडुबाईनं नुसती आपली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. मला रडूच फुटलं. ती म्हणाली, "मिरची तिखट हाय व्हय?"

आता दुसरी बातमी. मला पुण्यात नोकरी लागलीय. एक जुलैपासून. त्याआधी एक काम उरलंय. सगळ्यांचा पैरा फिटला, तुझाच राहिला. माझ्या वाटचं सगळं तू केलंस, सुजल्या गुडघ्यानं. तुझ्या रानात बियांची टोकण असेल तेव्हा मी येते. तुझं फेडल्याशिवाय मला पुण्याला जाववणार नाही.

तुझी,
शांभवी


हिरेवाडी,
१० जून १९९९

चि. शांभवीस अत्तीचा भरपूर आशीर्वाद.

पत्र डेअरीत वाचलं, निवाऱ्यात बसून, सगळ्यांपुढं. तळहाताचं वाचल्यावर लालबीनं त्या परीक्षक बाईची नक्कल केली. बघितल्याली न्हाय, तरी केली. गणपतरावबी हसला. तो हल्ली तितंच येऊन बसतोय. उठ म्हटलं तर म्हणतो, गार लागतंय.

पागोळ्या लांब पडत्यात. भिंतीला पाणी न्हाय. सांजचं सगळ्या भारं कट्ट्यावर लावतो आणि मोकळ्या मानेनं बोलत बसतो. घरी जायाला उशीर होतोय म्हणून पुरुषं कुरकुर करत्यात. करू देत.

नोकरीचं ऐकून बरं वाटलं. मग चुलीपुढं बसून रडलो. बरं वाटलं म्हणूनच.

आता माझ्या पैऱ्याचं. तू येऊ नको फेडायला.

तुला एक सांगायचं राहिलं. पैरा सगळा फेडायचा नसतो, पोरी. जवळच्या माणसाचा तरी न्हाय. लगीन होऊन मी हितं आलो तवापासनं बनाबाईचा नि माझा एक पैरा अंगावर हाय. कुणाचा कुणावर ती आता दोघींनाबी आठवत न्हाय. ती म्हणती माझा तुझ्यावर, मी म्हणतो माझा तुझ्यावर. त्या भांडणापायी रोज एकदा तरी ती माझ्या दारात येती. तुझा मामा, माझा मालक, गेला तवा सगळ्यात आधी तीच आली. म्हणाली, "तुझा पैरा हाय माझ्यावर."

फिटला की माणूस मोकळं होतंय. येणंजाणं आपोआप कमी होतंय. तू पुण्याला चाललीस, मोठी होशील, मोठी घरं बांधशील. बांध. पण मला तू मोकळी नको. माझा तेवढा असू दे तुझ्या अंगावर.

तुझी अत्ती,
नीलम्मा

ता.क. कट्टा धोंडुबाईला दोन बोटं उंच झालाय. रोज टाचा उचलून भारा सरकवती. दोरीनं मोजताना टाचा उचलूनच उभी ऱ्हायलती, ती काल कबूल झाली. तिच्यापुरता पायाखाली दगड बसवायचा का कट्टा उतरायचा, ती तूच येऊन सांग. कधी येतीस?